टेट्रिस कोणाचा? मॉस्कोतल्या एका आठवड्याचं प्रकरण

१९८९ च्या फेब्रुवारीत मॉस्कोतल्या एका सरकारी कचेरीत एकाच आठवड्यात तीन परदेशी पाहुणे आले. मूळचे हंगेरीचे पण लंडनहून व्यवसाय करणारे रॉबर्ट स्टाइन, ब्रिटिश वृत्तपत्रसम्राट रॉबर्ट मॅक्सवेल यांचा मुलगा केव्हिन, आणि जपानमध्ये स्थायिक झालेले डच वंशाचे हेंक रॉजर्स. कचेरी एलोर्गची होती. सोव्हिएत संघातलं कोणतंही सॉफ्टवेअर परदेशात विकायचं तर ते याच संस्थेमार्फत, असा तिथला नियम होता. तिथले अधिकारी निकोलाय बेलिकोव तिघांना वेगवेगळं भेटत राहिले. तिघांना हवा होता तो एकच खेळ, टेट्रिस: पडद्यावर वरून पडणारे तुकडे फट न ठेवता रचायचे, एवढाच.

त्या वेळी हा खेळ अमेरिका आणि ब्रिटनच्या दुकानांत वर्षभर विकला जात होता. जपानमध्ये तो निन्टेंडोच्या फॅमिकॉम या टीव्हीला जोडायच्या घरगुती यंत्राच्या कार्ट्रिजवरही, म्हणजे यंत्रात खोचायच्या खेळाच्या डबीवरही, आला होता. आणि ज्या सरकारच्या मालकीचा तो होता, त्याने कार्ट्रिजचे हक्क तोवर कोणालाच दिलेले नव्हते.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. टेट्रिस फार थोड्या सामानात मावतो. चित्रं नसलेल्या पडद्यावरही चालतो, एका फ्लॉपीत बसतो, समजावून सांगायला भाषा लागत नाही. म्हणूनच तो कोणाच्याही परवानगीविना जगभर गेला, आणि म्हणूनच त्याच्यावर कोणाचा हक्क हे ठरवणं इतकं जड गेलं. पसरण्याची गोष्ट आणि भांडणाची गोष्ट वेगळ्या सांगितल्या जातात. मला त्या वेगळ्या वाटत नाहीत.

कंसांचा खेळ

अलेक्सेई पाजित्नोव मॉस्कोत सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात काम करत होते. त्यांच्या कामात कृत्रिम बुद्धिमत्ता आणि बोललेले शब्द यंत्राला ओळखता येणं, असे विषय होते. कोड्यांची आवड लहानपणापासूनची. त्यातलं पेन्टोमिनो हे कोडं त्यांच्या विशेष जवळचं: पाच चौकोन कडेला कड लावून जोडले की बारा वेगवेगळे तुकडे होतात, आणि ते सगळे एका खोक्यात फट न ठेवता बसवायचे. १९८४ मध्ये त्यांनी हे कोडं संगणकावर आणायचा प्रयत्न सुरू केला.

हाताशी होता इलेक्ट्रोनिका ६० हा संगणक. त्याच्या पडद्यावर चित्र काढता येत नसे, फक्त अक्षरं आणि चिन्हं उमटत. मग एक चौकोन दाखवायचा कसा? पाजित्नोव यांनी एक उघडता आणि एक बंद होणारा चौकटी कंस शेजारी शेजारी ठेवला. पडद्यावरचं एक अक्षर रुंदीपेक्षा उंच असतं, त्यामुळे दोन अक्षरांची जोडी मिळून साधारण चौरस दिसतो. टेट्रिसचा पहिला ठोकळा म्हणजे अशा चार जोड्या.

पाच चौकोनांचे तुकडे वापरून पाहिल्यावर खेळ जड झाला. लाकडी तुकडा हातात उचलून पालथा करता येतो. पडद्यावर तो फक्त फिरवता येईल असं ठरवलं, की आरशातली जोडी वेगळी मोजावी लागते आणि बाराचे अठरा आकार होतात. धावत्या खेळात अठरा आकार डोक्यात ठेवणं कठीण. चार चौकोनांवर उतरलं की मात्र सातच आकार निघतात. सात आकार थोड्याच वेळात पाठ होतात, पुढे डोकं फक्त जागा शोधायला मोकळं राहतं.

दुसरी अडचण जागेची होती. वरून तुकडे पडत राहिले की पडदा काही क्षणांत भरून जाई आणि खेळ संपे. पूर्ण भरलेल्या ओळीत आता करण्यासारखं काहीच नाही, ती नुसती जागा अडवते, हे पाजित्नोव यांच्या लक्षात आलं. त्यांनी ती ओळ पुसून टाकली आणि वरचं सगळं एक घर खाली आणलं. खेळाचा जीव या एका दुरुस्तीत आहे.

दहा घरं रुंद आणि वीस घरं उंच अशा मैदानात खेळाडूला नेमकं काय करावं लागतं, तेही जवळून पाहावं. मैदान रिकामं आहे, तळ सपाट आहे, आणि पहिलाच तुकडा एस आकाराचा आला. तो आडवा ठेवा, त्याचं एक टोक पुढे लोंबकळतं आणि त्याखाली पोकळी राहते. उभा ठेवा, दुसऱ्या बाजूच्या तळाशी पोकळी राहते. सपाट जमिनीवर एस आणि झेड या दोन तुकड्यांना निर्दोष जागाच नाही. बाकीचे पाचही नीट बसतात. म्हणजे सपाट, नीटनेटकं मैदान ठेवणं ही चांगली चाल असेलच असं नाही. कुठेतरी एखादी पायरी राखून ठेवावी लागते, आणि कोणत्या बाजूला ते पुढचा तुकडा पाहून ठरवावं लागतं. दुसरीकडे लांब काठीसाठी कडेचा एक रकाना मोकळा ठेवावा, तर काठी येईपर्यंत भिंत वर चढत जाते. नियम दोन वाक्यांचे आहेत, पण प्रत्येक तुकड्याला असा निर्णय घ्यावा लागतो.

गणितज्ञांनी पुढे याचा छडा लावला. एस आणि झेड आलटून पालटून येत राहिले, तर खेळाडू कितीही निष्णात असो, खेळ संपतोच, हे १९९७ मध्ये हायडी बर्गियल यांनी दाखवलं. २००२ मध्ये एमआयटीच्या संशोधकांनी सिद्ध केलं की पुढचे सगळे तुकडे आधी माहीत असले तरी सर्वोत्तम मांडणी शोधणं हा एनपी-कम्प्लीट वर्गातला प्रश्न आहे, म्हणजे संगणकासाठीही ज्याला झटपट सोडवण्याची रीत अजून कोणाला सापडलेली नाही असा.

फ्लॉपी, टेलेक्स आणि न झालेला करार

इलेक्ट्रोनिका ६० वरचा खेळ त्या केंद्राबाहेर फार गेला नसता. तो बाहेर पडला तो आयबीएम पीसीवर आल्यामुळे. हे काम दिमित्री पाव्लोव्स्की या सहकाऱ्यासोबत वादिम गेरासिमोव या सोळा वर्षांच्या शाळकरी मुलाने केलं. रंग आले, आणि मुख्य म्हणजे खेळ फ्लॉपीवर आला. एकाने दुसऱ्याला फ्लॉपी दिली, दुसऱ्याने उतरवून घेतली, आणि मॉस्कोतल्या ज्या ज्या कचेरीत पीसी होता तिथे टेट्रिस पोचला. पाजित्नोव यांचे मानसशास्त्रज्ञ मित्र व्लादिमिर पोखिल्को यांच्या संस्थेत तर लोक काम सोडून खेळत बसले, तेव्हा त्यांना तो बंद करावा लागला.

विक्रीचा विचार कोणाच्या मनात नव्हता, कारण ती सोयच नव्हती. सरकारी नोकरीत सरकारी यंत्रावर लिहिलेला प्रोग्रॅम व्यक्तीच्या नावावर विकता येत नसे. पाजित्नोव यांनी आपले हक्क दहा वर्षांसाठी राज्याकडे सोपवले. त्या परिस्थितीत खेळ बाहेर जाण्याचा एवढाच मार्ग त्यांच्यापुढे होता, आणि तो त्यांनी डोळसपणे निवडला असं मला वाटतं.

केंद्रातले वरिष्ठ व्हिक्टर ब्र्याब्रिन यांनी एक प्रत बुडापेस्टच्या एका संगणक संस्थेत पाठवली. तिथे १९८६ मध्ये रॉबर्ट स्टाइन यांनी खेळ पाहिला. पूर्व युरोपातलं सॉफ्टवेअर पश्चिमेत नेऊन विकणं हाच त्यांच्या अँड्रोमेडा सॉफ्टवेअर या कंपनीचा धंदा. त्यांनी मॉस्कोला टेलेक्स केला. पाजित्नोव यांनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत उत्तर दिलं: रस आहे, बोलणी करू. स्टाइन यांनी तो होकार धरला, आणि करारावर सही होण्याआधीच हक्क पुढे विकले. ब्रिटनमध्ये मॅक्सवेल यांच्या मिररसॉफ्टला आणि अमेरिकेत तिच्या भगिनी कंपनीला, स्पेक्ट्रम होलोबाइटला. सातबाऱ्यावर नाव चढण्याआधी साठेखत करून द्यावं, तसा हा व्यवहार. घेणाऱ्यांनीही उतारा मागितला नाही.

१९८८ च्या सुरुवातीला खेळ अमेरिकेच्या दुकानांत आला. लाल खोकं, त्यावर मॉस्कोचं सेंट बेसिल चर्च. शीतयुद्ध संपत आलं होतं आणि लोहपडद्यामागून आलेला खेळ हीच त्याची जाहिरात होती. एलोर्गने स्टाइन यांच्याशी करार केला तोही त्याच वर्षी, खेळ बाजारात गेल्यावर. आणि तो करार फक्त संगणकावरच्या खेळाचा होता.

मधल्या काळात साखळी लांबत गेली होती. मिररसॉफ्टने हक्क अटारी गेम्सला दिले. अटारीने टेंगेन या नावाने घरगुती यंत्रांसाठी आवृत्ती करायला घेतली, आणि जपानमधले आर्केडचे, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या यंत्रांचे, हक्क सेगाला दिले. रॉजर्स यांनी लास व्हेगासच्या प्रदर्शनात जानेवारी १९८८ मध्ये हा खेळ पाहिला. एक डाव झाला की ते पुन्हा रांगेत उभे राहत. जपानचे संगणकाचे हक्क त्यांनी स्पेक्ट्रम होलोबाइटकडून घेतले, कार्ट्रिजचे अटारीकडून, आणि १९८८ च्या अखेरीस फॅमिकॉमवर खेळ आणला. जो तो आपल्या आधीच्या माणसाकडचा कागद पाहत होता. मुळाशी काय लिहिलंय ते वाचलेला माणूस एकच, स्टाइन, आणि गप्प राहण्यातच त्यांचा फायदा होता.

एक कार्ट्रिज, एक वाक्य

निन्टेंडो तेव्हा गेम बॉय हे हातात मावणारं यंत्र आणणार होती. रॉजर्स यांनी निन्टेंडोच्या अमेरिकी शाखेचे प्रमुख मिनोरू अराकावा यांना गाठून सांगितलं, की लहान मुलग्यांनी हे यंत्र घ्यावं असं वाटत असेल तर सोबत मारिओ द्या, सगळ्यांनी घ्यावं असं वाटत असेल तर टेट्रिस द्या. अराकावांना पटलं. पण हातयंत्राचे हक्क आणायचे कुठून? स्टाइन तारखा देत राहिले. शेवटी रॉजर्स पर्यटकाच्या व्हिसावर, कोणाची भेट ठरलेली नसताना, मॉस्कोला गेले. एलोर्गचा पत्ताही तिथे गेल्यावर शोधला.

बेलिकोव यांच्यासमोर त्यांनी मोठ्या अभिमानाने फॅमिकॉमची कार्ट्रिज ठेवली. बेलिकोव चक्रावले. हे काय आहे, याचे हक्क आम्ही कोणालाही दिलेले नाहीत! रॉजर्स यांच्या पायाखालची वाळू सरकली, कारण जपानमध्ये लाखाहून अधिक कार्ट्रिज विकल्या गेल्या होत्या. इथे त्यांनी जे केलं त्यामुळे सगळं प्रकरण फिरलं. त्यांनी हक्कांची साखळी जशी होती तशी उलगडून सांगितली, विकलेल्या कार्ट्रिजची रॉयल्टी देण्याची तयारी दाखवली आणि चेक लिहून दिला. स्टाइन यांच्याकडून पैसे मिळवताना एलोर्गची दमछाक झाली होती. त्यांच्यासमोर पहिल्यांदाच कोणीतरी न मागता पैसे ठेवत होतं.

आणखी एक गोष्ट रॉजर्स यांच्या बाजूने होती. ते स्वतः खेळ लिहिणारे होते. बैठकीत पाजित्नोवही बसलेले होते, आणि या माणसाला खेळातलं कळतं हे त्यांनी ओळखलं. दोघांची मैत्री तिथून जुळली आणि टिकली.

त्याच कार्ट्रिजने केव्हिन मॅक्सवेल यांचा घात केला. बेलिकोव यांनी ती पुढे करून विचारलं, की ही काय भानगड आहे. तिच्यावर मिररसॉफ्टचं नाव होतं. आपल्याच कंपनीने हक्क पुढे विकलेत हे केव्हिन यांना माहीत नव्हतं, त्यांनी ती चोरीची नक्कल ठरवून टाकली. आपले कागद न वाचता वाटाघाटीला बसलेल्या माणसाने आपलाच दावा आपल्या तोंडाने सोडून दिला. उरलेल्या हक्कांसाठी प्रस्ताव देण्याची संधी त्यांना मिळाली होती, पण वेळेत योग्य प्रस्ताव आला नाही.

स्टाइन यांच्यासमोर बेलिकोव यांनी जुन्या कराराची सुधारित प्रत ठेवली. उशिरा पैसे दिल्यास होणारा दंड त्यात वाढवला होता, आणि स्टाइन त्या आकड्यांवर हुज्जत घालत राहिले. आणखी एक वाक्य त्यात घातलं होतं: संगणक म्हणजे प्रोसेसर, मॉनिटर, डिस्क ड्राइव्ह, कीबोर्ड आणि ऑपरेटिंग सिस्टिम असलेलं यंत्र. स्टाइन यांनी सही केली. टीव्हीला जोडायची यंत्रं आणि हातात धरायची यंत्रं त्या एका वाक्याने त्यांच्या हातातून गेली. आर्केडचे हक्क तेवढे त्यांना मिळाले.

या वाक्याबद्दल मला बेलिकोव यांचं मनापासून कौतुक वाटतं. पाश्चात्त्य कंपन्यांच्या वकिलांशी झुंजायचा अनुभव नसलेल्या एका सरकारी अधिकाऱ्याने, घाईत, नेमकी कुठे पाचर मारायची ते ओळखलं. खेळ कोणत्याही यंत्रात शिरतो, तर हक्क यंत्रानुसार तोडून विकायचे, हे त्यांना काही दिवसांत उमगलं. 

हातयंत्राचे हक्क रॉजर्स यांना मिळाले. महिनाभरात अराकावा आणि निन्टेंडोचे वकील हॉवर्ड लिंकन मॉस्कोत आले आणि घरगुती यंत्रांचे हक्कही निन्टेंडोने घेतले. गरज पडल्यास एलोर्गची माणसं अमेरिकेत येऊन साक्ष देतील, असं कलम त्यात होतं. ज्येष्ठ मॅक्सवेल यांनी हे प्रकरण थेट गोर्बाचेव्ह यांच्यापर्यंत नेल्याचं सांगितलं जातं. त्याने निकाल बदलला नाही.

टेंगेनने मात्र मे १९८९ मध्ये आपली कार्ट्रिज बाजारात आणलीच. खेळ म्हणून ती उत्तम होती, दोघांना एकाच वेळी खेळता येत असे, आणि जुने खेळाडू अजून तिची आठवण काढतात. कोर्टात टेंगेनचा युक्तिवाद असा, की निन्टेंडोचं यंत्रही संगणकच आहे. जपानमध्ये त्याचं नावच फॅमिली कॉम्प्युटर, त्याला कीबोर्ड जोडता येतो, डिस्क ड्राइव्ह मिळतो. युक्तिवाद अगदी पोकळ नव्हता. पण सॅन फ्रान्सिस्कोच्या फेडरल कोर्टात न्यायाधीश फर्न स्मिथ यांच्यासमोर बेलिकोव यांची व्याख्या होती, आणि तिच्याखाली स्टाइन यांची सही. जूनमध्ये टेंगेनच्या विक्रीला मनाई झाली. दुकानांतल्या कार्ट्रिज परत गेल्या.

गेम बॉयवर

१९८९ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत गेम बॉय विक्रीला आला, तो टेट्रिस सोबत घेऊनच. या जोडीचं यश नशिबाचं मानलं जातं. मला त्यात यंत्राची बाजूही दिसते. गेम बॉयचा पडदा हिरवट, चार छटांचा, आणि हलत्या चित्राची सावली मागे रेंगाळणारा. सगळं दृश्य वेगाने सरकणाऱ्या खेळांना तो त्रासदायक. टेट्रिसमध्ये एका वेळी एकच तुकडा हलतो, बाकी मैदान स्थिर. पडद्याची उंची १४४ ठिपके, एक घर आठ ठिपक्यांचं, म्हणून वीसऐवजी अठराच ओळी बसल्या, आणि खेळाचं काही बिघडलं नाही. पार्श्वभूमीला वाजणारी ‘कोरोबेयनिकी’ ही रशियन लोकगीताची चाल तेव्हापासून टेट्रिसचीच होऊन बसली. गेम बॉयवरच्या टेट्रिसच्या सुमारे साडेतीन कोटी प्रती गेल्या. १९९३ मध्ये अलेक्सांद्र सेरेब्रोव या अंतराळवीराने तो मीर अवकाशस्थानकावरही नेला.

या सगळ्यात पाजित्नोव यांना काय मिळालं? रॉयल्टी म्हणून काहीच नाही. मला या प्रकरणातलं हे सगळ्यात टोचतं. १९९१ मध्ये ते अमेरिकेत गेले. राज्याकडे दिलेल्या हक्कांची दहा वर्षं संपल्यावर, १९९६ मध्ये, त्यांनी रॉजर्स यांच्यासोबत द टेट्रिस कंपनी काढली, आणि खेळ लिहिल्याला बारा वर्षं झाल्यावर त्याचे पैसे त्यांच्याकडे येऊ लागले. एलोर्गचा हिस्सा विकत घेऊन पूर्ण मालकी यायला २००५ उजाडलं.

हे करारमदार चालू असताना खेळ आपल्या जुन्याच वाटेने, कोणालाही न विचारता, पसरत होता. महाराष्ट्रात नव्वदच्या दशकात वाढलेल्यांना तो आठवतो तो ब्रिक गेम म्हणून. गेम बॉय फार थोड्या घरांत होता, पण ‘९९९९ इन १’ असं ठळक लिहिलेलं, दोन पेन्सिल सेलवर चालणारं चिनी यंत्र गल्लोगल्ली दिसे. पडद्यावर चौकोन आधीच कोरलेले असत, दहा रुंद, वीस उंच. त्यातलाच कोणता काळा करायचा तेवढं यंत्र ठरवी. गाडीची शर्यत आणि रणगाडेही त्याच दोनशे घरांत बसवलेले. पाजित्नोव यांनी कंसांत मांडलेला खेळ इथे आणखी कमी सामानात चालत होता, आणि त्यांच्या नावाचा त्यावर मागमूस नव्हता.

मोबाइलच्या काळात प्रश्न पुन्हा कोर्टात गेला. एक्सियो या कंपनीने आयफोनसाठी मिनो नावाचा खेळ काढला. त्यांनी कायदा अभ्यासून, ज्याला संरक्षण नाही तेवढंच घेतल्याचा दावा केला: खेळाच्या नियमांवर कॉपीराइट नसतो. २०१२ मध्ये न्यू जर्सीच्या फेडरल कोर्टाने निकाल दिला, की नियम मोकळे आहेत हे खरं, पण तुकड्यांचं रूप, दहा बाय वीसचं मैदान, तुकडा कुठे बसेल ते दाखवणारी छाया ही मांडणी टेट्रिसची आहे, आणि ती जशीच्या तशी उचलता येणार नाही.

छायेबद्दल मी कोर्टाशी सहमत आहे, मैदानाबद्दलही. अठरा ओळींचा गेम बॉय समोर असताना वीसच ओळी लागतात असं कोणी म्हणू शकत नाही. रंग आणि सजावट तर करणाऱ्याची निवडच असते. आकारांचं मात्र मला पटत नाही. चार चौकोन कडेला कड लावून जोडा, फक्त फिरवायची मुभा ठेवा, मॉस्कोत निघाले तेच सात आकार कोणालाही, कुठेही निघतील. ते पाजित्नोव यांनी शोधून काढले, आणि इतक्या नेमकेपणाने वापरले, की आपल्याला ते त्यांचेच वाटतात.